आम्ल, मुळं आणि अडकलेला स्फुरद

ठाणे जिल्ह्यातल्या खतांच्या इतिहासात अंबरनाथचं नाव जुनं आहे. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने तिथे गंधकाम्ल तयार केलं आणि त्या आम्लाच्या जोरावर सुपर फॉस्फेट. कृती सांगायला सोपी आहे. खाणीतला फॉस्फेटी दगड दळायचा आणि त्यावर गंधकाम्ल घालायचं. दगडातलं कॅल्शियम आम्लातल्या सल्फेटशी बांधलं जातं, जिप्सम तयार होतं आणि आतापर्यंत दगडात अडकलेला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पाण्यात विरघळेल अशा रूपात बाहेर येतो. जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८४० मध्ये हाडांवर गंधकाम्ल घालण्याची सूचना केली होती. इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि रासायनिक खतांचा कारखानदारी व्यवसाय सुरू झाला.

अंबरनाथपासून फार दूर नसलेल्या मुरबाड-शहापूरच्या शेतात हेच काम वेगळ्या आम्लांनी चालतं. तिथे भट्टी नसते, टाकी नसते. तुरीचं किंवा हरभऱ्याचं मूळ, त्याच्या आजूबाजूचे जिवाणू आणि बुरशी आपल्या शरीरातून सायट्रिक, ऑक्झॅलिक, मॅलिक, ग्लुकॉनिक अशी सेंद्रिय आम्लं मातीत सोडतात. ती आम्लं खनिजाला चिकटलेला स्फुरद सुटा करतात आणि मूळ तो उचलतं. पुढच्या पानांचा विषय हा आहे. वाचक म्हणून माझ्या डोळ्यासमोर तिघे आहेत: कल्याण तालुक्यात अजून भात लावणारा शेतकरी, डोंबिवलीच्या गॅलरीत दहा कुंड्या सांभाळणारी गृहिणी आणि रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र शिकणारा महाविद्यालयीन विद्यार्थी. तिघांनाही मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. आपल्या मातीत स्फुरद बहुतेक वेळा असतो, पण तो बांधलेला असतो. तो सोडवायला आम्ल लागतं, आम्ल तयार व्हायला कार्बन लागतो, आणि तो कार्बन आपण दर सकाळी कचऱ्याच्या डब्यात टाकून देतो.

आधी स्फुरद किती आहे ते पाहू. आपल्या पायाखालचा काळा पत्थर, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मलंगगड, माहुली, गोरखगड हे सगळे त्याचेच. या खडकात ॲपेटाइट नावाचं खनिज अगदी बारीक कणांनी विखुरलेलं असतं. त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट. खडकाची झीज होऊन माती झाली तसा हा स्फुरद मातीत आला. समजा, एक किलो मातीत ५०० मिलिग्रॅम स्फुरद आहे. हा काही फार मोठा आकडा नाही, जगातल्या कितीतरी मातींत याहून जास्त सापडतो. एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण २० लाख किलो भरतो. म्हणजे त्या थरात १,००० किलो स्फुरद झाला. हेक्टरी चार टन भात देणारं पीक त्यातला १०–१२ किलो उचलतं. हिशेब असा असताना शेतकरी दर हंगामाला डीएपीसारख्या स्फुरदाच्या खताच्या गोणीसाठी दुकानासमोर रांगेत का उभा राहतो?

कारण मुळाला मातीतला स्फुरद नको असतो, मातीतल्या पाण्यातला स्फुरद हवा असतो. त्या पाण्यात तो लिटरमागे एक मिलिग्रॅमच्याही बराच खाली असतो, पुष्कळदा एक दशांश मिलिग्रॅमच्या आसपास. नत्राचं तसं नाही. नायट्रेट पाण्याबरोबर वाहत मुळाकडे येतं, पावसाने वाहूनही जातं. फॉस्फेट जागचा हलत नाही. मुळाने आपल्या भोवतालचा एखाद-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा केला की पलीकडचा स्फुरद तिथवर पोचायला फार वेळ लागतो. पीक अन्नाने वेढलेलं असतं आणि उपाशी असतं. पानांवर जांभळट छटा येते, फुटवे कमी होतात, मूळ खुरटतं. भाताच्या खाचरात हे लवकर ध्यानातही येत नाही, कारण पीक पिवळं पडत नाही, उलट गडद हिरवं आणि ठेंगणं राहतं.

स्फुरद कोणाला बांधला गेला आहे, हे मातीवर अवलंबून असतं. घाटावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्याला कॅल्शियम धरून ठेवतं. कोकणात पाऊस चुना धुऊन नेतो. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत, जिथे नाचणी आणि वरी होते, तिथली माती तांबूस आणि आंबट. तिथे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं फॉस्फेटला आपल्या पृष्ठभागावर घट्ट चिकटवतात. खाली सपाटीवरच्या भातखाचरांत माती अधिक काळपट, चिकण आणि तिथे दोन्ही प्रकारचं बंधन थोडंथोडं सापडतं. खाडीलगतच्या खार जमिनीचं गणित तर वेगळंच. म्हणून 'स्फुरद वाढवा' असा एकच सल्ला जिल्ह्यातल्या सगळ्या शेतांना देणं मला बरोबर वाटत नाही.

गोणीतून घातलेला स्फुरदही या बंधनातून सुटत नाही. घातलेल्या खतातला सर्वसाधारणपणे १५ ते २० टक्के स्फुरद पहिल्या पिकाला मिळतो. उरलेला मातीतच राहतो आणि हळूहळू अधिक पक्का होत जातो. म्हणजे ज्या शेतात वर्षानुवर्षं सुपर फॉस्फेट आणि डीएपी पडलं, तिथे बापजाद्यांची ठेव मातीत पडून आहे. आणि हा दगड आपला नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोट्राला फॉस्फेटी दगडाची मोठी खाण आहे, पण देशाची गरज तेवढ्यावर भागत नाही. मोरोक्को, जॉर्डन, इजिप्त अशा देशांतून दगड, आम्ल किंवा तयार खत आणावं लागतं. तिकडे लढाई झाली की इकडे मुरबाडच्या कृषी सेवा केंद्रात गोणी मिळत नाही.

आता आम्लांकडे वळतो. सेंद्रिय आम्लं ही काही प्रयोगशाळेतली अपूर्वाई नव्हे. लिंबातलं सायट्रिक, चिंचेतलं टार्टारिक, कैरीतलं मॅलिक, अळूतलं ऑक्झॅलिक, दह्यातलं लॅक्टिक. यांतली बरीचशी वनस्पतीच्या आणि सूक्ष्मजीवांच्या पेशीत रोजच्या श्वसनाच्या ओघात तयार होतात. मूळ ती बाहेर सोडतं तेव्हा मातीत तीन गोष्टी घडतात आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात.

पहिली सगळ्यांना ठाऊक आहे: आंबटपणा. हायड्रोजनचे धनभारित कण ॲपेटाइटसारख्या कॅल्शियम फॉस्फेटवर आदळले की खनिजाची घडण सैल होते, कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही पाण्यात उतरतात. काळ्या चुनखडीच्या जमिनीत याचं महत्त्व मोठं. पण कोकणातल्या तांबड्या मातीत याने फारसं भागत नाही. तिथे माती आधीच आंबट आहे आणि आंबटपणा आणखी वाढला तर लोह-ॲल्युमिनियमची पकड सैल होण्याऐवजी घट्टच होते. मग तिथे आम्लांचा उपयोग काय?

तिथे दुसरी गोष्ट कामाला येते. चिंचेने तांब्याचं भांडं घासल्यावर काळा थर जातो, तो नुसत्या आंबटपणाने जात नाही. चिंचेतल्या टार्टारिक आम्लाचा रेणू तांब्याच्या कणाला दोन-तीन बाजूंनी पकडतो आणि पाण्यात उतरवतो. सायट्रिक आणि ऑक्झॅलिक आम्ल मातीतल्या लोहाला आणि ॲल्युमिनियमला असंच पकडतात. धातू गेला की त्याला धरून बसलेला फॉस्फेट मोकळा होतो. बाजारात 'चिलेटेड' झिंक, 'चिलेटेड' लोह अशी जी औषधं मिळतात, त्यांच्यामागे हेच रसायन आहे. मातीच्या नेहमीच्या सामूवर (पीएचवर) ही आम्लं बहुतांशी ऋणभारित आयनांच्या रूपात असतात, म्हणजे सायट्रिक आम्लापेक्षा सायट्रेट म्हणणं अधिक खरं. म्हणूनच फारसा आंबटपणा न वाढवताही ती हे काम करू शकतात.

तिसरी गोष्ट जागा बळकावण्याची. लोहाच्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर फॉस्फेटला बसायला ठरावीक जागा असतात. सायट्रेट आणि ऑक्झॅलेट त्याच जागांवर जाऊन बसतात आणि फॉस्फेटला उठवून लावतात. कुजलेल्या शेणखतातले ह्युमिक पदार्थही हेच करतात, फक्त सावकाश आणि जास्त काळ. ऑक्झॅलिक आम्लाची आणखी एक खासियत आहे. ते कॅल्शियमला धरून न विरघळणारं कॅल्शियम ऑक्झॅलेट बनवतं. कॅल्शियम असं सतत बाजूला पडत राहिलं की मातीतलं ॲपेटाइट आणखी विरघळत राहतं.

यातून एक व्यवहाराचा निष्कर्ष निघतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. सगळी आम्लं सारखी नाहीत. ज्या रेणूला धरायला अधिक हात, तो अधिक प्रभावी. सायट्रिक आणि ऑक्झॅलिक आघाडीवर, मॅलिक त्यांच्यामागे, लॅक्टिक आणि व्हिनेगरमधलं ॲसेटिक बरंच मागे. कुंडीत व्हिनेगर किंवा लिंबाचं पाणी ओतण्याचे सल्ले सध्या मोबाइलवर फिरतात. त्यांवर विश्वास ठेवू नका. ओतलेलं आम्ल मातीत काही तासांत जिवाणू खाऊन टाकतात, जास्त ओतलं तर कोवळी मुळं जळतात. मूळ आम्ल सोडतं ते मिलिमीटरच्या अंतरात, रोज थोडंथोडं, नेमकं टोकाजवळ. ती नेमकी जागा बाटलीला साधत नाही.

हे ज्ञान आजचं नाही. १८६० च्या सुमारास जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलिउस झाक्स यांनी घासून गुळगुळीत केलेल्या संगमरवरी फरशीवर माती घालून त्यात रोप वाढवलं. नंतर फरशी धुतली, तेव्हा तिच्यावर मुळांचा माग कोरलेला दिसला. त्यातला बराचसा परिणाम मुळांच्या श्वसनातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा असू शकतो, हा वाद पुढे बराच चालला. पण मूळ दगडावर आम्लाचं काम करतं, हे डोळ्यांना दिसलं. १८९४ मध्ये बर्नार्ड डायर यांनी मुळांच्या रसाची आम्लता मोजली आणि तेवढ्याच ताकदीचं, म्हणजे १ टक्का सायट्रिक आम्लाचं द्रावण मातीतला उपलब्ध स्फुरद मोजण्यासाठी सुचवलं. फॉस्फेटी दगड शेतात किती उपयोगी पडेल, हे पाहण्यासाठी आजही २ टक्के सायट्रिक आम्लात तो किती विरघळतो ते बघतात.

आपल्याकडचा सर्वांत मोलाचा धडा मात्र तुरीने दिला. हैदराबादजवळ पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट या संस्थेत जपानी संशोधक नोरिहारू आए आणि त्यांचे सहकारी काम करत होते. त्यांना दिसलं की तांबड्या मातीत जिथे ज्वारी स्फुरदाअभावी वाढत नाही, तिथे तूर वाढते. तुरीच्या मुळांच्या स्रावात त्यांना पिसिडिक आम्ल सापडलं. ते लोहाला धरतं आणि लोहाने बांधलेला फॉस्फेट सोडवतं. हरभऱ्याच्या मुळांतून प्रामुख्याने सायट्रिक आम्ल बाहेर पडतं, त्यामुळे कॅल्शियमने बांधलेला स्फुरद त्याला काळ्या जमिनीत मिळवता येतो. तुरीवरचं हे संशोधन १९९० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं आणि त्यात तुरीच्या आंतरपिकाचा पीकपद्धतीला होणारा लाभही मांडला होता. हरभऱ्याच्या पानांवर पहाटे साचणारी आंब आपल्या घरांत औषधासाठी जपून ठेवतात. त्या आंबेतही मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात. झाडाच्या वरच्या अंगाला दिसतं ते मातीखाली वेगळ्या प्रमाणात चाललेलं असतं, एवढंच.

ठाणे जिल्ह्यात भाताच्या बांधावर तूर लावायची पद्धत जुनी आहे. शहापूर-मुरबाडकडे ती अजून टिकून आहे. कल्याणच्या आसपास शेतंच प्लॉट होत चालली, तशी बांधावरची तूरही कमी होत गेली. घरच्या डाळीपुरती म्हणून तिच्याकडे पाहिलं गेलं. तिच्या पानगळीतून आणि मुळांतून बांधाला आणि खाचराला काय मिळतं, याचा हिशेब कोणी मांडला नाही. माझ्या मते या पिकाला बांधापुरतं ठेवणं हीच चूक झाली. वरकस जमिनीत नाचणीबरोबर तूर हे जोडपं स्फुरदाच्या दृष्टीने फार बरोबर बसतं.

भाताची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. म्हणून त्यावर थोडं जास्त थांबतो. पावसाळ्यात खाचरात पाणी साठलं, चिखलणी झाली की मातीतला प्राणवायू संपतो. जिवाणू मग लोहाच्या ऑक्साइडचा वापर श्वसनासाठी करतात. तांबडं लोह बदलून पाण्यात विरघळणारं होतं आणि त्याला चिकटलेला फॉस्फेट आपोआप सुटतो. त्यामुळे कोकणातला भात स्फुरदाची तक्रार फार करत नाही. अडचण नंतर येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी निघून जातं, माती सुकते, लोह पुन्हा गंजतं. हा नवा ताजा गंज फॉस्फेटला पूर्वीपेक्षा जास्त आवेशाने पकडतो. नेमकं याच वेळी शेतकरी ओलीवर वाल, हरभरा, मूग पेरतो किंवा भेंडी लावतो. म्हणजे खरिपात जो स्फुरद सुटा होता, तो रब्बीत गायब. इथे मुळांच्या आम्लांची खरी परीक्षा लागते आणि इथेच द्विदल पिकं एकदल पिकांपेक्षा अनेकदा सरस ठरतात.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नावर काढलेला उपाय म्हणजे राब. भाताच्या रोपवाटिकेच्या जागी शेण, झाडांचे टहाळे, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा पातळ थर असं रचून उन्हाळ्याच्या शेवटी पेटवतात. यात नत्र हवेत जातो, हे खरं. पण पाल्यातला सेंद्रिय स्फुरद राखेत सुटा होतो, पालाश येतो, तणाचं बी मरतं आणि राखेमुळे आंबट मातीचा सामू थोडा वर जातो. ठाण्याच्या शेतकऱ्याला राबाचा पाला जंगलातून आणायचा हक्क हवा होता आणि इंग्रज वनखात्याला तो द्यायचा नव्हता. तंटा इतका वाढला की ठाणे-कुलाब्यातल्या तक्रारींसाठी मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. भारतीय शेतीच्या सुधारणेवर १८९३ मध्ये अहवाल देणारे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनीही राबाची दखल घेतली. आज राब भाजायला मी सांगणार नाही. जंगल उरलेलं नाही आणि जळून जाणारा कार्बन हाच आपल्याला हवा आहे. डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेली चारसूत्री भात लागवड या बाबतीत अधिक शहाणी आहे. भाताचा पेंढा आणि तुसाची राख शेतात परत घालणं, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडणं, नियंत्रित लावणी करणं आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये खोल खोचणं. त्यातला पाला कुजताना सेंद्रिय आम्लं तयार होतात आणि राखेतली सिलिका फॉस्फेटच्या जागांसाठी स्पर्धा करते. खत मातीच्या मोठ्या पृष्ठभागावर न पसरता एका जागी राहिल्याने कमी बांधलं जातं. या पद्धतीत प्रत्येक सूत्राला रसायनाचा आधार आहे.

मुळांइतकाच मोठा वाटा सूक्ष्मजीवांचा. १९४८ मध्ये रशियन शास्त्रज्ञ पिकोव्हस्काया यांनी न विरघळलेला कॅल्शियम फॉस्फेट घातलेलं जिवाणू वाढवण्याचं माध्यम तयार केलं. दुधट थरावर जिवाणूची वसाहत वाढली आणि तिच्याभोवती पारदर्शक वर्तुळ दिसलं, की तो जिवाणू फॉस्फेट विरघळवणारा. बॅसिलस आणि स्यूडोमोनास कुळातले जिवाणू, ॲस्परजिलस ही बुरशी, असे बरेच त्यात सापडले. यांतले पुष्कळ जिवाणू ग्लुकोजपासून थेट ग्लुकॉनिक आम्ल तयार करतात. आपल्याकडे 'स्फुरद विरघळविणारे जिवाणू', अर्थात पीएसबी, या नावाने पाकिटं आणि बाटल्या मिळतात. बियाण्याला चोळायच्या किंवा शेणखतात मिसळून द्यायच्या.

या पाकिटांविषयी मी सरळ सांगतो. काही शेतांत त्यांचा फायदा दिसतो, काही शेतांत अजिबात दिसत नाही आणि याचं कारण जिवाणूच्या नावात नसून परीक्षेत आहे. पिकोव्हस्काया माध्यमातला ट्रायकॅल्शियम फॉस्फेट विरघळायला सोपा. कोकणातल्या तांबड्या मातीतला लोह-ॲल्युमिनियमचा फॉस्फेट कठीण. प्रयोगशाळेतल्या थाळीत भरपूर ग्लुकोज असतं, शेतात नसतं. थाळीत स्पर्धा नसते, शेतात एका चमचा मातीत कोट्यवधी स्थानिक जिवाणू आधीच बसलेले असतात. बाहेरून आणलेल्या पाहुण्याला खायला मिळालं नाही तर तो आम्ल कशाचं करणार? ज्या मातीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कार्बन, पुरेसा आहे तिथे पीएसबी द्यायला हरकत नाही. ज्या मातीत तो नाही तिथे आधी कर्ब वाढवा, पाकीट नंतर आणा.

पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी ही बाजू मराठीत सातत्याने आणि धीटपणे मांडली आहे. जिवाणूंना पिष्ट आणि शर्करा असलेला, पचायला सोपा पदार्थ अल्प प्रमाणात दिला तर ते मातीतली खनिजं स्वतः मिळवतात आणि अखेर ती वनस्पतीला उपलब्ध होतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी मी सहमत नाही. मातीत स्फुरदाचा साठाच कमी असेल तर जिवाणू तो निर्माण करू शकत नाहीत, आणि पीक दरवर्षी जो स्फुरद धान्यातून बाहेर नेतं तो कधी ना कधी परत घालावाच लागतो. पण मातीला खत देण्याआधी मातीतल्या जीवांना अन्न द्या, हे त्यांनी लोकांच्या गळी उतरवलं, त्याचं मोल मोठं आहे. वनस्पती स्वतः यासाठी किती किंमत मोजते याचं एक उदाहरण देतो. पांढरं ल्युपिन नावाचं युरोपातलं द्विदल पीक स्फुरद कमी असलेल्या चुनखडीच्या मातीत आपल्या एकूण कोरड्या वजनाच्या २३ टक्क्यांइतकं सायट्रिक आम्ल मुळांतून सोडताना मोजलं गेलं आहे. कमावलेल्या अन्नाचा जवळपास चौथा हिस्सा स्फुरदासाठी खर्च.

इथे शहराचा संबंध येतो. कल्याण-डोंबिवली आणि ठाण्यातल्या स्वयंपाकघरांतून रोज जो ओला कचरा निघतो, त्यात भाजीची देठं, फळांच्या साली, उरलेला भात, चहाचा चोथा. म्हणजे पिष्ट, शर्करा आणि तंतू. ज्या कार्बनसाठी मातीतले जिवाणू भुकेले आहेत, तोच. कल्याणच्या आधारवाडीच्या कचऱ्याच्या डोंगराला वर्षानुवर्षं आगी लागत राहिल्या आणि त्या धुरात हा कार्बन गेला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करणं सगळ्यांवर बंधनकारक केलं. बऱ्याच सोसायट्यांत खताचे हौद झालेही. त्या खताकडे स्फुरदाचं खत म्हणून पाहू नका. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये स्फुरद किमान ०.४ टक्के एवढाच लागतो, तर सेंद्रिय कार्बन किमान १२ टक्के. त्याची किंमत त्या १२ टक्क्यांत आहे.

दुसरीकडे उल्हास नदीचं पात्र बघा. मोहने-कांबा भागात उन्हाळ्यात पाणी दिसत नाही, जलपर्णी दिसते. सांडपाण्यातून उतरलेला नत्र आणि स्फुरद खाऊन ती माजते. डोंगरावरच्या वरकस मातीत स्फुरद बांधलेला म्हणून पीक खुरटं आणि खाली नदीत स्फुरद मोकाट म्हणून पाणी गुदमरलेलं. एकाच खोऱ्यात, काही किलोमीटरच्या अंतरात हे दोन्ही आहे. या विसंगतीमुळे मला हा विषय सोडवेना.

गॅलरीतल्या बागेविषयी दोन शब्द वेगळे, कारण तिथे चूक उलट्या दिशेने होते. रोपवाटिकेतून आणलेली तांबडी माती, त्यात बोनमील, वर डीएपीचे दाणे, असं करून कुंडीत स्फुरद अति होतो. मग जस्त आणि लोह मिळेनासं होतं, नवी पानं शिरांमध्ये पिवळी पडतात आणि माणूस आणखी खत घालतो. कुंडीला स्फुरदापेक्षा कुजलेलं, मऊ झालेलं कंपोस्ट द्या. अर्धवट कुजलेलं नको, ते ॲसेटिक आम्लाने मुळांना त्रास देतं.

पुढच्या प्रकरणांत रसायनाचा भाग जिथे अवघड होतो तिथे मी तो सोडलेला नाही. विद्यार्थ्यांनी तो वाचावा. शेतकऱ्यांनी हवं तर आधी माती परीक्षणाचं प्रकरण उघडावं. मृद आरोग्य पत्रिकेवर १२ घटकांचे आकडे येतात. त्यातला 'उपलब्ध स्फुरद' म्हणजे मातीतला एकूण स्फुरद नव्हे. एका ठरावीक रसायनाने जेवढा सुटला तेवढा. आंबट मातीला ब्रे यांची पद्धत योग्य, उदासीन आणि चुनखडीच्या मातीला ऑल्सन यांची सोडियम बायकार्बोनेटची. आपल्या नमुन्यासाठी कोणती वापरली, हे प्रयोगशाळेला विचारायचा तुम्हाला हक्क आहे आणि तो विचारल्याशिवाय आकड्यावरून खताची गोणी ठरवू नका.

हे पुस्तक वाचून ठेवून देऊ नका. भात कापून झाला की खत टाकण्याआधी नमुना घ्या: वरकसचा वेगळा, खाचराचा वेगळा. सोसायटीच्या हौदातलं खत गाळून, काच-प्लास्टिक काढून जवळच्या शेतकऱ्यापर्यंत पोचवायची व्यवस्था चार कुटुंबांनी मिळून लावता येते, ती लावा. आणि ज्यांच्याकडे बांध आहे त्यांनी येत्या मृगात त्याच्यावर तूर टोका.